शांतीकार्यासाठी अनुदान : अर्जाआधी गावाचे म्हणणे ऐका

आपल्या धर्मग्रामांतील काही मुलेमुली पदवी शिक्षणासाठी अमेरिकेत जातात. दीर्घ सुटी लागली की आपल्या गावाकडे येऊन काही विधायक काम करावे, अशी इच्छा त्यांच्या मनात असते. अडते ते पैशाशी. अशा विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशा एका अनुदानाची माहिती आम्ही येथे देत आहोत. सातारा व सांगली हे दोन जिल्हे आम्ही मुद्दाम डोळ्यांसमोर ठेवले आहेत, कारण अनुदान मिळवण्यापेक्षा ते योग्य रीतीने खर्च करणे अधिक कठीण असते, हे या जिल्ह्यांच्या उदाहरणाने चांगले समजते.

योजना काय आहे?

कॅथरीन वॉसरमन डेव्हिस या अमेरिकन विदुषींनी 2007 साली, आपल्या शंभराव्या वाढदिवशी, तरुणांच्या 100 शांती प्रकल्पांसाठी 10 लाख डॉलर दिले. प्रत्येक प्रकल्पाला 10 हजार डॉलर मिळतात. 2013 साली त्यांचे निधन झाले, तरी ‘प्रोजेक्ट्स फॉर पीस’ ही योजना चालू राहिली. तिचा कारभार मिडलबरी महाविद्यालयातून चालतो. योजनेत सहभागी असलेल्या महाविद्यालयांतील पदवीचे विद्यार्थी एकट्याने किंवा गटाने अर्ज करू शकतात. अर्ज प्रथम आपल्या महाविद्यालयाकडे द्यायचा असतो. तेथे निवडलेले प्रस्ताव पुढे पाठवले जातात. प्रकल्प जगात कोठेही राबवता येतो. ही तयारी हिवाळ्यातच करावी लागते. नेमकी तारीख प्रत्येकाने आपल्या महाविद्यालयाकडून घ्यावी.

प्रस्ताव थोडक्या पानांचा असतो आणि त्याला अंदाजपत्रक जोडावे लागते. कोण, काय, कोठे, कसे करणार आणि पुढे त्याचा परिणाम काय राहणार, ही उत्तरे त्यात हवीत. यांहून अवघड एक प्रश्न असतो : तुमच्या मते शांती म्हणजे काय?

शांतीची व्याख्या गावात शोधावी

येथे अनेक अर्ज कोरडे होतात. ‘सर्वत्र बंधुभाव नांदावा’ असे लिहिणे सोपे असते, परंतु त्यातून कोणाचेही काम उभे राहत नाही. आपल्या गावात माणसे नेमकी कशामुळे एकमेकांपासून दुरावली आहेत, हे अर्जदाराने प्रथम समजून घेतले पाहिजे.

सप्टेंबर 2009 मध्ये मिरजेत गणेशोत्सवातील एका कमानीवरील चित्रावरून दंगल उसळली. सप्टेंबर 2023 मध्ये खटाव तालुक्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमावरील मजकुरावरून हिंसाचार झाला आणि एका तरुणाचा बळी गेला. पण त्याच मिरजेची दुसरी ओळखही आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तेथे सतार-तंबोरे घडवण्याची कला वाढवली, आणि 2024 साली मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तलवारींचे नांगर होतील, हे यशया संदेष्ट्याचे स्वप्न आपण देवळात ऐकतो. मिरजेत त्या पोलादाच्या कारागिरांच्या हाती तारा आल्या. ज्या गावात भांडण झाले, त्याच गावात समेटाचे साधनही बहुधा असते. अर्जदाराने ते शोधावे.

भांडण नेहमी धर्माचेच असते असेही नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत पाणी हाच तंट्याचा विषय ठरू शकतो. 1980च्या दशकात खानापूर तालुक्यातील बलवडी व तांदुळवाडीच्या ग्रामस्थांनी येरळा नदीवर बळीराजा धरण उभारले. नदीतील वाळू विकून त्यांनी पैसा जमवला आणि पाण्यात भूमिहीनांचाही हक्क मानला. विकास आणि शांती यांचे नाते पोप सहावे पॉल यांनी 1967 साली आपल्या परिपत्रकात सांगितले होते. येरळेच्या काठी ते माणसांनी आपल्या श्रमांनी समजून घेतले.

कमी पैशांतही शांतीचे काम कसे होते, याचा धडा साताऱ्याने फार पूर्वी दिला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि काम करून शिकत. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने विकून मुलांना जेवू घातले. त्या काळी एका पंक्तीला बसून जेवणे हाच मोठा शांती प्रकल्प होता.

तेथील उन्हाळा, येथील पावसाळा

अमेरिकेतील उन्हाळी सुटीचे जून ते ऑगस्ट हे महिने आपल्याकडे पावसाळ्याचे असतात. ही साधी गोष्ट विसरली तर वेळापत्रक कोलमडते. मे महिन्यात मुले मोकळी असतात. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करायचे असेल, तर ती कुटुंबे तोवर आपापल्या गावी परतलेली असतात. पेरणीच्या आणि भातलावणीच्या दिवसांत दुपारच्या सभेला कोणी येणार नाही. आषाढी वारीच्या काळात लोणंद-फलटणचा रस्ता वारकऱ्यांनी भरून जातो. सांगलीत कृष्णेच्या पुराने 2005, 2019 आणि 2021 साली जुलै-ऑगस्टमध्येच घरे पाण्याखाली नेली. म्हणून प्रस्तावात पावसाची पर्यायी योजना लिहावी आणि नदीकाठच्या इमारतीत साहित्य ठेवू नये.

पैशाचा हिशेब

अंदाजपत्रकात विमानभाडे आणि स्वतःचा खर्च मोठा, आणि गावासाठी उरलेसुरले, असे दिसले तर परीक्षक शंका घेतात, आणि ते रास्तच आहे. स्थानिक मदतनिसांचे मानधन, प्रवास, जेवण, साहित्य यांचे दर गावातच विचारून घ्यावेत.

स्थानिक संस्थेच्या खात्यात परदेशी पैसा घ्यायचा असेल, तर 2010चा परकीय अंशदान नियमन कायदा लागू होतो. त्यासाठी संस्थेची नोंदणी हवी. 2020च्या दुरुस्तीनंतर असा निधी एका संस्थेने दुसरीकडे वळवणेही बंद झाले आहे. त्यामुळे ‘आमच्या धर्मग्रामाच्या खात्यात पाठवा’ असे कोणीही सहज म्हणू नये. अर्जापूर्वीच सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. संस्था, शाळा, ग्रामपंचायत यांची संमतीही आधी आणि लेखी घ्यावी.

आपण परत गेल्यानंतर

आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. आठ-दहा आठवड्यांनी विद्यार्थी विमानात बसतो. गाव मागे राहते. वाचनालय उघडले पण किल्ली कोणाकडे हे ठरले नाही, दोन वस्त्यांतील मुलांना एकत्र आणले पण पुढच्या महिन्यात त्यांना बोलावणारे कोणी नाही, तर गावकऱ्यांच्या मनात कडवटपणा उरतो. पुढच्या वेळी खराच गरजेचा कोणी आला, तरी त्याच्यावर विश्वास बसत नाही. शांतीच्या नावाने मोडलेला शब्द जास्त लागतो. म्हणून अर्जात एक वाक्य ठळकपणे असावे : सप्टेंबरनंतर हे काम कोण चालवणार, आणि त्याने त्याला होकार दिला आहे काय? या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर प्रकल्प लहान करावा. शंभर मुलांच्या मेळाव्यापेक्षा वर्षभर भेटत राहणारी वीस मुले बरी.

येथे शिकणाऱ्यांसाठी

परदेशी न गेलेल्यांनी निराश होण्याचे कारण नाही. 1969 साली सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना अनेक महाविद्यालयांत आहे. तिचे सात दिवसांचे विशेष शिबिर गावातच भरते. सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे 1968पासून ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र मने जोडण्याचे आणि संवादाचे काम करीत आले आहे. तेथील अनुभवही मोलाचा ठरू शकतो. शिबिरासाठी प्रस्ताव लिहितानाही वरील प्रश्नच विचारावेत.

पालकांना व धर्मगुरूंना आमची विनंती आहे की मुलांनी अर्जाचा मसुदा दाखवला, तर त्यातील भाषेपेक्षा एक गोष्ट आधी पाहावी : ज्यांच्यासाठी हे काम आहे, त्यांना कोणी विचारले आहे का? त्या उत्तरासाठी मुलांना एकदा वस्तीवर पाठवावे, आणि मग अर्ज लिहावयास बसवावे.