दुपारची वीज, संध्याकाळचा भाव : बॅटरी-साठवणुकीचा व्यापारी हिशेब

हंगामात माल घ्यावा, वखारीत ठेवावा आणि भाव चढल्यावर विकावा, हे गणित कोपरगावच्या बाजारपेठेला कोणी नव्याने शिकवण्याची आवश्यकता नाही. सोयाबीन असो, हरभरा असो वा मका. गोदामाचे भाडे, गुंतलेल्या रकमेचे व्याज आणि मालात आलेली घट वजा जाता जे उरते, तोच खरा नफा. अलीकडे हेच गणित एका अदृश्य मालाला लावले जाऊ लागले आहे. तो माल म्हणजे वीज. सौर पॅनेलचे दरपत्रक घेऊन येणारा प्रतिनिधी आता त्यासोबत लिथियम बॅटरीचेही दरपत्रक ठेवतो आणि सांगतो, ‘दुपारी साठवा, संध्याकाळी विका, बॅटरीचा हप्ता बॅटरीच फेडील.’ यातील साठवणुकीचा भाग खरा आहे. विक्रीचा भाग मात्र ऑस्ट्रेलियात जितका खरा आहे, तितका महाराष्ट्रात आज नाही. आणि व्यापारी कुटुंबाने कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी हा फरक नीट समजून घ्यावा, असा आहे.

विजेची साठवणूक ही कल्पना अहिल्यानगर जिल्ह्याला नवी नाही. अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कड्यावर, घाटघर येथे उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. वरचा जलाशय घाटघरला, तर खालचा सुमारे चारशे मीटर खोल कोकणात, ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातील चोंढे येथे. विजेला मागणी नसते तेव्हा स्वस्त वीज वापरून खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करायची, अशी ही योजना. प्रत्येकी १२५ मेगावॅटचे दोन संच, एकूण २५० मेगावॅट. जपानच्या कर्जसाहाय्याने उभारलेला हा प्रकल्प २००८ साली कार्यान्वित झाला. पाणी चढवताना शंभर युनिटे खर्ची पडली, तर अशा प्रकल्पातून साधारण पंचाहत्तर ते ऐंशीच परत मिळतात. तरीही तो परवडतो, कारण संध्याकाळच्या युनिटाचे मोल अधिक असते. घट सोसूनही उरणारा भावातील फरक, हाच या व्यापाराचा पाया. घरातील बॅटरी म्हणजे घाटघरचीच लहान आवृत्ती म्हणावी लागेल.

हा फरक आता का वाढला? महाराष्ट्रात औद्योगिक ग्राहकांना वेळनिहाय दर फार पूर्वीपासून लागू आहेत. जुन्या रचनेत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटामागे दीड रुपया सवलत असे आणि संध्याकाळी ६ ते १० या वेळेत १ रुपया १० पैसे अधिक आकारले जात. म्हणून कित्येक कारखाने रात्रपाळी चालवत. पुढे सौर ऊर्जेचा विस्तार झाला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात तर शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी १६,००० मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. परिणामी दुपारी विजेची सुबत्ता आणि सूर्य मावळताच टंचाई, असे चित्र निर्माण झाले. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सौर तासांतील दर सर्वसाधारण दराहून किमान २० टक्के कमी असावा आणि कमाल मागणीच्या वेळेत तो व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी किमान १.२० पट, इतरांसाठी किमान १.१० पट असावा, असे ठरविले. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२५ च्या दर-आदेशात सवलतीचा काळ रात्रीवरून सकाळी ९ ते सायंकाळी ५ असा हलला आणि सायंकाळी ५ नंतर मध्यरात्रीपर्यंतचा काळ महाग झाला. त्या आदेशावर पुढे फेरविचारही झाला, पण दिशा बदलली नाही. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याची शिस्त पाळणाऱ्या घरांचे स्वयंपाकघर या महाग वेळेतून बरेचसे सुटते, हा एक अनपेक्षित लाभच. दुकानाचे दिवे आणि वातानुकूलन यंत्र मात्र नेमके त्याच वेळी चालतात.

घाऊक बाजारात हा फरक अधिक ठळक दिसतो. जून २००८ मध्ये सुरू झालेल्या इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागाचा स्वतंत्र भाव निघतो. उन्हाळी दुपारी तो पार खाली येतो, तर संध्याकाळी युनिटामागे १० रुपयांच्या मर्यादेला जाऊन भिडतो. बॅटरीवाल्याच्या तोंडाला पाणी सुटावे, असेच हे आकडे आहेत.

परदेशातील यशकथा या ठिकाणीच सुरू होतात. ऑस्ट्रेलियात घाऊक भाव दर पाच मिनिटांनी ठरतो आणि सौर विजेच्या अतिरेकामुळे दुपारी तो शून्याखालीही जातो. तेथे काही पुरवठादार हा घाऊक भाव घरगुती ग्राहकापर्यंत जसाच्या तसा पोहोचवतात. भाव चढला की संगणक-प्रणाली आपोआप बॅटरीतील वीज जाळ्यात सोडते आणि ग्राहकाच्या खात्यावर त्या क्षणाचा भाव जमा होतो. साउथ ऑस्ट्रेलिया राज्याने २०१८ मध्ये हजारो घरांच्या बॅटऱ्या एकत्र जोडून त्या एका वीजकेंद्रासारख्या चालवण्याची योजना जाहीर केली. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातही वीज कंपनी ग्राहकांच्या घरांतील बॅटऱ्यांचा वापर कमाल मागणीच्या वेळी करते. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे : गरजेच्या वेळी बॅटरीतून मिळणाऱ्या विजेचा या ना त्या स्वरूपात मोबदला देणारी व्यवस्था तेथे आहे.

कोपरगावच्या छतावरील मीटर काय करतो, ते आता पाहावे. राज्यात नेट मीटरिंगचे नियम २०१९ चे आहेत. वेळनिहाय दर लागू नसलेल्या ग्राहकाने दुपारी जाळ्यात सोडलेले युनिट रात्री वापरलेल्या युनिटातून सरळ वजा होते. व्यापारी भाषेत सांगायचे तर महावितरणने त्याला भाडे न घेता, घट न धरता गोदाम दिलेले आहे. ज्याला फुकट वखार मिळाली, त्याने स्वतःची वखार बांधून काय साधणार? अशा घरासाठी बॅटरी वीज गेल्यावर दिवे चालू ठेवील, उत्पन्न देणार नाही.

वेळनिहाय दर असलेल्या ग्राहकाची गोष्ट निराळी. त्याची दुपारची सौर वीज प्रथम त्याच वेळेच्या वापरातून वजा होते आणि त्या वेळेतील शिल्लक युनिटे सवलतीच्या काळात निर्माण झाली, असे धरले जाते. संध्याकाळच्या महाग युनिटाशी त्यांची बरोबरी होत नाही. वर्षअखेर जी युनिटे शिल्लक राहतात, ती आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतली जातात आणि तो दर ग्राहकाच्या स्वतःच्या दराहून बराच कमी असतो. संध्याकाळी सात वाजता बॅटरीतून वीज बाहेर सोडली, तरी तिला संध्याकाळचा भाव देणारा गिऱ्हाईक आज दारात उभा नाही. म्हणून विक्रीचा विचार तूर्त बाजूला ठेवून, स्वतःचे महाग युनिट किती वाचते, एवढाच हिशेब मांडावा लागतो.

उदाहरणादाखल मुख्य बाजारपेठेतील एखादे मोठे कापड दुकान घ्यावे. समजा, १० युनिटांची लिथियम बॅटरी व तिचा इन्व्हर्टर मिळून अडीच लाख रुपयांना पडले. बॅटरी वर्षात ३०० दिवस वापरली आणि १० युनिटे भरून ९ परत मिळाली, तर वर्षाला २,७०० युनिटे हाती येतात. सर्वसाधारण दर १२ रुपये धरला, तर नियमातील किमान फरकानुसार दुपारचे युनिट ९ रुपये ६० पैसे आणि संध्याकाळचे १४ रुपये ४० पैसे. घट धरता दुपारचे युनिट १० रुपये ६७ पैशांना पडते. म्हणजे युनिटामागे ३ रुपये ७३ पैसे आणि वर्षाला सुमारे १०,००० रुपये बचत. अडीच लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले, तर हप्ता महिन्याला सुमारे ३,३०० रुपये, वर्षाला ३९,६०० च्या घरात. दहा हजारांची मिळकत आणि जवळपास चाळीस हजारांचा हप्ता. या प्रस्तावावर कोणताही सावध कर्ज अधिकारी शिफारस लिहिणार नाही.

छतावर गरजेपेक्षा अधिक पॅनेल असून वर्षअखेर शिल्लक युनिटे कमी दराने द्यावी लागत असतील, तर चित्र सुधारते. तो दर ३ रुपये धरला, तर घटीसह युनिट ३ रुपये ३३ पैशांना पडते, युनिटामागे ११ रुपये वाचतात आणि वर्षाची बचत ३०,००० च्या जवळ जाते. कर्ज काढून तरीही तोटाच. स्वतःची रक्कम गुंतवली, तर आठ-नऊ वर्षांत मुद्दल परत येते. पण ती रक्कम मुदत ठेवीत असती तर तिने काय मिळवले असते, हेही त्याच वहीत लिहावयास हवे. केवळ दरातील फरकावर, व्याजासह, हा व्यवहार बरोबरीत यायचा तर १० युनिटांचा संपूर्ण संच ६०-६५ हजार रुपयांत मिळावा लागेल. हा आकडा अशक्य कोटीतील नाही. ब्लूमबर्गच्या ऊर्जा-संशोधन विभागाच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये लिथियम बॅटरी संचाची जागतिक सरासरी किंमत एका युनिटाच्या क्षमतेमागे ११५ डॉलरपर्यंत उतरली होती. दीड दशकापूर्वी ती हजार डॉलरहून अधिक होती. त्यावर इन्व्हर्टर, जोडणी, कर आणि विक्रेत्याचा नफा चढतो, हे खरे. परंतु उतार स्पष्ट आहे आणि थांबणाऱ्याचे नुकसान नाही.

जेथे डिझेल जळते, तेथे मात्र थांबण्याचे कारण नाही. लहान जनरेटर एका लिटरमध्ये साधारण तीन युनिटे देतो. डिझेल ९० रुपये धरले तरी युनिट ३० रुपयांना पडते, आवाज आणि धूर वेगळाच. औषधांचे दुकान, दवाखाना, शीतकपाटे असलेले दूध-आइस्क्रीमचे दुकान, जेथे अर्धा तास वीज गेली तरी माल खराब होतो, तेथे बॅटरीचे मोल वीजदेयकात दिसत नाही. ते वाचलेल्या मालात दिसते. भारनियमनाच्या वर्षांत डिस्टिल्ड वॉटर घालून शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या सांभाळणाऱ्या पिढीला हे समजावून सांगावे लागणार नाही. उच्चदाब जोडणी असलेल्या डाळमिल वा जिनिंगला कमाल मागणीवर आकार भरावा लागतो. तेथे मागणीचा शेंडा छाटण्यासाठी बॅटरी उपयोगी पडू शकते, पण त्यासाठी वर्षभराच्या देयकांतील मागणीचे आकडे समोर ठेवून अभियंत्याकडून स्वतंत्र हिशेब करून घ्यावा.

खरेदीच्या वेळी काही बाबी विशेष पाहाव्यात. छतावर पॅनेल आहेत म्हणून वीज गेल्यावर दिवे चालतील, हा समज चुकीचा आहे. साधा सौर इन्व्हर्टर जाळ्यातील पुरवठा थांबताच सुरक्षिततेसाठी स्वतःही बंद पडतो. त्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि तो मागाहून बसवणे महाग पडते. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे कमाल ७८,००० रुपयांचे अनुदान घरगुती ग्राहकाला आणि पॅनेलच्या क्षमतेवर मिळते. बॅटरीसाठी त्यात वेगळी रक्कम नाही आणि दुकानाला तर ते लागूच नाही. लिथियम बॅटरीवर १८ टक्के जीएसटी आहे. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या बॅटरीवरील कराची वजावट मिळते, कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला मिळत नाही. त्यामुळे देयक कोणाच्या नावे घ्यायचे, हे कर-सल्लागाराला आधीच विचारलेले बरे. हमीपत्रात वर्षांसोबत भरण-उपसाच्या फेऱ्यांची संख्या आणि हमीच्या अखेरीस उरणारी क्षमता लिहिलेली असावी. पत्र्याच्या खोलीत, मे महिन्याच्या उन्हात बॅटरीचे आयुष्य घटते. आणि गोदावरीच्या पुराची माहिती असलेल्या गावात ती तळघरात ठेवण्याचा मोह टाळावा.

विक्रीचे दार कधीच उघडणार नाही, असे मात्र नाही. लखनौमध्ये छतावरील सौर वीज एका ग्राहकाने दुसऱ्याला थेट विकण्याचा पथदर्शी प्रयोग झाला आहे. दिल्लीत किलोकरी येथे २०२५ मध्ये २० मेगावॅटची, दोन तास पुरेल अशी बॅटरी वितरण कंपनीच्या जाळ्यात सुरू झाली. महावितरणनेही मोठ्या बॅटरी-साठ्यांसाठी निविदा काढल्या आहेत. संध्याकाळच्या टंचाईचा नफा सध्या या मोठ्या खेळाडूंकडे जातो. हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या २०२२ च्या नियमांनी बाहेरून वीज घेण्याची किमान मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली असली, तरी ती वाटही मोठ्या ग्राहकांसाठीच आहे. लहान ग्राहकांच्या बॅटऱ्या एकत्र करून त्यांच्या वतीने बाजारात उतरणारा मध्यस्थ, म्हणजे विजेचा आडत्या, महाराष्ट्रात ज्या दिवशी नियमाने मान्य होईल आणि संध्याकाळी परत आलेल्या युनिटाला संध्याकाळचा भाव मिळेल, त्या दिवशी वरील तक्त्यातील आकडे पुन्हा मांडावे लागतील. तोपर्यंत प्रतिनिधीने दाखवलेल्या उत्पन्नाच्या कागदावर दोन प्रश्न विचारावेत : हे पैसे कोणत्या करारान्वये, कोणाकडून मिळणार, आणि आमच्या देयकावर सायंकाळी ५ नंतरचा वापर महिन्याला किती युनिटे आहे?