जुनी गाडी किलोवर विकण्यापूर्वी

लुना ही नगरची गाडी. हस्तिमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती 1972 साली बाजारात आणली. पन्नास सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, पायडल मारून सुरू करायची, आणि पेट्रोल संपलेच तर पायडल मारतच घरी न्यायची. दूधवाला, कापडाची फेरी करणारा, शिंपी, शाळामास्तर अशा कितीतरी जणांच्या घरात आलेले पहिले इंजिन हेच होते. 2024 मध्ये विजेवर चालणारी ई-लुना आली, तरी जुन्या लुनाची ओढ काही कमी झालेली नाही.

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी लक्षात घ्यावे की, पहिल्या लुनांची आता पन्नाशी उलटली आहे. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

या नियमातील खरी मेख पुढेच आहे. गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही. आपल्याकडे मात्र जुनी गाडी हातात आली की दोनच गोष्टी होतात. एक तर ती भंगारात वजनावर जाते, नाहीतर एखादा हौशी मुलगा टाकी बदलून, मडगार्ड कापून, चकचकीत रंग मारून तिची पार रया घालवतो. मूळ टाकी, मूळ हेडलाइट, कंपनीचा बिल्ला हे सुटे भाग बाजारात सहज मिळत नाहीत, म्हणूनच त्यांना किंमत आहे. तराजूला ते कळत नाही, पण भंगारवाल्याला कळले पाहिजे.

लुनाच कशाला! म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची जावा आणि पुढे येझदी घ्या. 1961 ते 1996 पर्यंत तेथे या गाड्या तयार झाल्या. दोन सायलेन्सर, आणि किक व गिअरला एकच दांडा. ज्याला माहीत नाही तो किक शोधत बसतो! जावाचे नाव 2018 मध्ये आणि येझदीचे 2022 मध्ये नव्या गाड्यांवर परत आले, ते या जुन्या नावाला मागणी होती म्हणूनच.

या गाड्या दुरुस्त करणारे उस्ताद आता थकत चालले आहेत. पॉइंटची फट पाहून टायमिंग लावणे, सायलेन्सर जाळून आतला कार्बन काढणे, नुसत्या आवाजावरून कार्बोरेटर बसवणे, न मिळणारा बुश लेथवर तयार करणे, हे काम कागदावर लिहून येत नाही. ते शागिर्दाच्या हातातच उतरावे लागते. एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या. नव्या पोरांचे शिक्षण स्कॅनर जोडण्यापासूनच सुरू होते. त्यात त्यांचा दोष नाही. क्युबामध्ये 1959 च्या क्रांतीनंतर अमेरिकेतून नवीन मोटारी येणे बंद झाले, तेव्हा तेथील मेकॅनिकांनी सुटे भाग स्वतः घडवून जुन्या गाड्या चालत्या ठेवल्या. आज हवानात परदेशी पाहुणे पैसे मोजून त्यांतून फिरतात. कारागिरीचे मोल नगरकराला वेगळे सांगायला नको. 1994 पासून आपल्याच गावच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडी उभी आहे.

आमच्या मते मेकॅनिकने या कामाचे पैसे दिवसांच्या हिशेबाने घ्यावेत. तीन दिवस खपून हाफ इंजिनच्या नेहमीच्या दरात गाडी देणे हा व्यवहार नव्हे. डेंटिंग, क्रोम, सीट-कुशन, लेथ अशा चार दुकानांनी मिळून काम घेतले तर गिऱ्हाईक पुण्या-मुंबईहूनही येऊ शकते.

पण कागदाच्या बाबतीत हयगय नको. आरएक्स 100 सारखी गाडी 1985 नंतरची. ती अजून व्हिंटेज नाही, तिला पंधरा वर्षांनंतरचे नेहमीचे नूतनीकरण लागते. वीस वर्षांवरील दुचाकीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये ही फी 2,000 रुपये झाली. चासी व इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळल्याशिवाय गाडी दुकानात घेऊ नये. घासलेला किंवा नव्याने ठोकलेला नंबर दिसला तर कितीही स्वस्त असली तरी परत पाठवावी. विकत घेतलेली गाडी राज्यातलीच असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. गाडी खरोखरच मोडीत काढायची असेल, तर मालकाने चौदा दिवसांत तसे कळवून आरसी जमा करायची असते. भंगारवाल्याने त्या अर्जाची एक प्रत स्वतःच्या फायलीला लावून ठेवावी.