शिखरावरील छायाचित्र

प्रवासाहून परतलेला मनुष्य दोन गोष्टी बरोबर आणतो : मनातील आठवण आणि कॅमेऱ्यातील छायाचित्र. आठवण काळाच्या ओघात पुसट होते. क्वचित ती आपले रूपही पालटते. छायाचित्र मात्र त्या क्षणी समोर जे होते, ते जतन करून ठेवते. गिर्यारोहकांच्या दृष्टीने त्याचे मोल किती, हे एव्हरेस्टच्या इतिहासातील दोन प्रसंगांवरून ध्यानी येईल.

८ जून १९२४ रोजी जॉर्ज मॅलरी व अँड्र्यू आयर्विन हे ब्रिटिश गिर्यारोहक तिबेटच्या बाजूने एव्हरेस्ट चढत होते. ढग क्षणभर विरळ झाले, तेव्हा नोएल ओडेल या सोबत्याने त्यांना खालून पाहिले. लगेच ढग दाटले आणि ते दोघे पुन्हा कधीच परतले नाहीत. त्यांच्याजवळ खिशात मावणारा एक कॅमेरा होता, असे मानले जाते. १९९९ साली मॅलरी यांचा देह सापडला. २०२४ साली आयर्विन यांचे नाव शिवलेला मोजा व त्यांच्या पायाचे अवशेष सापडले. कॅमेरा मात्र हाती आला नाही. ते शिखरावर पोचले होते काय, या प्रश्नाचे उत्तर कदाचित त्या कॅमेऱ्यातील फिल्मवरच असेल!

पुढे २९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास न्यूझीलंडचे एडमंड हिलरी आणि दार्जिलिंगनिवासी तेनसिंग नोर्गे नेपाळच्या बाजूने शिखरावर पोचले. हिलरी यांनी आपला कॅमेरा सदऱ्याच्या आत, अंगाशी ठेवला होता. याचे कारण असे, की कडाक्याच्या थंडीत कॅमेऱ्यातील वंगण घट्ट होते, फिल्म ठिसूळ होते आणि ऐन वेळी यंत्र चालत नाही. शरीराच्या उबेने ते वाचते.

तेनसिंग यांनी आपली बर्फकुऱ्हाड उंच धरली. तिच्या दांड्याला संयुक्त राष्ट्रे, ब्रिटन, नेपाळ व भारत यांचे ध्वज बांधलेले होते. हिलरी यांनी ते दृश्य टिपले. मग शिखरावरून खाली उतरणाऱ्या डोंगरधारांचीही छायाचित्रे त्यांनी घेतली. त्या धारा तशा केवळ माथ्यावरूनच दिसतात. म्हणून ती छायाचित्रे म्हणजे चढाईचा पुरावाच होता. मॅलरी व आयर्विन यांची काही खूण दिसते का, हेही हिलरी यांनी पाहिले. ती दिसली नाही. जेमतेम पाव तासात दोघे उतरू लागले. हिलरी यांचे स्वतःचे छायाचित्र शिखरावर कोणी घेतलेच नाही! जगभर गाजलेल्या त्या चित्रात तेनसिंग आहेत. ते टिपणारा साथीदार चित्राबाहेर उभा आहे.

मुलांनो, आज मोबाइलवर एका सहलीत शेकडो छायाचित्रे निघतात. परंतु काही वर्षांनी हा गड कोणता, हा सोबती कोण, असा प्रश्न पडला, तर ती चित्रे मुकी होतात. म्हणून प्रत्येक निवडक छायाचित्राखाली स्थळ, दिनांक व व्यक्तींची नावे लिहावी. चढताना लागलेला दम, वाऱ्याचा गारवा, कोणी पुढे केलेला मदतीचा हात, या गोष्टी कॅमेऱ्याला दिसत नाहीत. त्या चार ओळींत टिपून ठेवाव्या. आणि आपले चित्र काढून घेण्यापूर्वी आपल्या सोबत्याचे काढावे. हिलरी यांनी तेच केले होते.