रंगात लपलेले पोलाद : इटलीचा चिमुकला रणगाडा आणि मराठी जवान

सातपुड्याच्या उतारावर पानगळीच्या दिवसांत सागाच्या पाचोळ्यात बसलेला रातवा पक्षी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. त्याच्या पिसांचा रंग जमिनीत मिसळतो आणि त्यांवरील नक्षीमुळे शरीराची कडा मोडते. निसर्गाची हीच युक्ती युद्धशास्त्राने उचलली. तिला मराठीत 'छद्मावरण' म्हणतात. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, फ्रान्सने या कामासाठी चित्रकारांचे स्वतंत्र पथकच उभारले होते.

या विद्येचा एक बोलका नमुना म्हणजे इटलीचा 'एल-३' हा हलका रणगाडा. इटलीने ब्रिटनकडून 'कार्डन-लॉइड' जातीच्या छोट्या चिलखती गाड्या घेतल्या आणि त्या धर्तीवर फियाट व अन्साल्डो या कंपन्यांनी १९३० च्या दशकात तो घडवला. वजन सुमारे सव्वातीन टन, उंची जेमतेम सव्वा मीटर, आत दोन माणसे. त्याला फिरता बुरूज नव्हता. पुढच्या बाजूस मशीनगन बसवलेल्या असत. चिलखताची जाडी जास्तीत जास्त १४ मिलिमीटर.

एवढ्या पातळ पत्र्याला रंगाचाच मोठा आधार होता. युद्धपूर्व काळात अनेक गाड्यांवर तांबूस तपकिरी रंग व त्यावर गडद हिरवे डाग असत. आफ्रिकेच्या वाळवंटात वाळूसारखा फिकट पिवळसर रंग आला. १९४३ च्या सुमारास वाळूरंगावर तपकिरी व हिरवे पट्टे दिसू लागले. मोठे, वेडेवाकडे डाग गाडीची चौकट दृष्टीला तोडतात आणि दुरून पाहणाऱ्याला ती झुडूप वा खडक भासते. गंमत अशी, की इटलीच्या अनेक रणगाड्यांच्या माथ्यावर पांढरी वर्तुळेही रंगवलेली असत. शत्रूने पाहू नये, पण स्वतःच्या विमानांनी मात्र ओळखावे, हा त्यामागील हेतू!

रंग मात्र दोष झाकू शकला नाही. डिसेंबर १९३५ मध्ये इथिओपियातील डेम्बेगीना खिंडीत रास इम्रू यांच्या योद्ध्यांनी हे रणगाडे बाजूने व मागून घेरून निकामी केले. मशीनगन फक्त पुढेच मारा करू शकत. अरुंद वाटेत गाडीला वळताही येईना. आक्रमकाच्या यंत्रापेक्षा आपल्या डोंगराची ओळख तेथे वरचढ ठरली.

पुढे आफ्रिकेच्या याच भागात मराठी माणूस उतरला. जानेवारी १९४१ च्या अखेरीस एरिट्रियातील आगोर्डात येथे चौथी भारतीय डिव्हिजन लढली. तिच्या साथीला आलेल्या जाड चिलखताच्या ब्रिटिश 'मटिल्डा' रणगाड्यांपुढे इटालियन रणगाडे टिकले नाहीत. त्यानंतर केरेनच्या उंच कड्यांवर मात्र खरी परीक्षा पायदळाची होती. तेथे मार्च १९४१ मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीने 'फ्लॅट टॉप' हा डोंगर जिंकला. २७ मार्चला केरेन पडले. 'केरेन' हा या रेजिमेंटचा युद्धसन्मान आहे.

इतिहासाचा विरोधाभास येथेच उभा राहतो. ज्या साम्राज्याच्या झेंड्याखाली मराठी जवान फॅसिझमशी झुंजत होते, त्याच साम्राज्याच्या पोलिसांनी ९ सप्टेंबर १९४२ रोजी आपल्या नंदुरबारमध्ये शिरीषकुमार व त्याच्या सोबत्यांवर गोळ्या झाडल्या. स्वातंत्र्याच्या गोष्टी करणाऱ्या सत्तेने आपल्या चेहऱ्यावर चढवलेले हेही एक छद्मावरणच होते.

त्याच तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. रायगड जिल्ह्यातील हा तरुण तेव्हा केवळ बावीस वर्षांचा होता. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा त्यांच्या शौर्याचा सन्मान. २०२३ मध्ये इटलीतील मोन्तोने या गावी त्यांच्या नावाने स्मारक उभे राहिले. एके काळी ज्या देशाच्या सैन्याशी त्यांची पलटण लढली, त्याच देशाने ते उभारले. त्याचे रूप सूर्यघडीचे आहे आणि 'आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो' हा त्याचा बोधवाक्यार्थ.

वैराने वैर शमत नाही, हे भगवान बुद्धांनी सांगितलेले सत्य त्या सूर्यघडीच्या सावलीत मूकपणे उभे आहे. एल-३ रणगाडे आज संग्रहालयांत उरले आहेत. माणसे एकमेकांपासून लपण्यासाठी किती कौशल्य खर्च करतात, हे त्यांच्याकडे पाहून नव्या पिढीने समजून घ्यावे. आणि तेच कौशल्य एकमेकांना ओळखण्यासाठी वापरावे.