टाळी मारून बघणारा माणूस

संपादकांनी एवढंच सांगितलं होतं : नागपूर विद्यापीठाच्या आवारात येत्या दिवसांत कुठली व्याख्यानं आहेत, कुठले सांस्कृतिक कार्यक्रम आहेत, त्यावर पानभर लिहून दे. म्हणून अमरावती रोडवरच्या 'कॅम्पस'मध्ये दोन चकरा मारल्या. नागपूरकर त्याला एवढंच म्हणतात, कुठला कॅम्पस ते सांगावं लागत नाही. सूचनाफलक वाचले, दीक्षांत सभागृहाकडे जाऊन आलो, विभागांच्या दारांवर चिकटवलेली निमंत्रणं वहीत उतरवली.

उतरवता उतरवता लक्षात आलं, की व्याख्यानाला इथे विषय नंतर मिळतो, तारीख आधी. ३ जानेवारीला सावित्रीबाई. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणून मराठी भाषा गौरव दिन, दुसऱ्याच दिवशी रामन परिणामामुळे विज्ञान दिन. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, ३० एप्रिलला तुकडोजी महाराजांची जयंती, ४ ऑगस्टला विद्यापीठाचा वर्धापनदिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन. भिंतीवरचं कालनिर्णय आणि कार्यक्रमांची यादी शेजारी ठेवली तर फारसा फरक दिसणार नाही. एखादा माणूस एका प्रश्नाशी वीस वर्षं झटतो, पण त्याला बोलावणं येतं ते त्याच्या विषयाची जयंती आली की. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता याच मातीतली. रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून तिने अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्य चालवलं. तिचे आणि तिच्या कुळाचे ताम्रपट वाचून वा. वि. मिराशींनी १९६३ मध्ये एक अख्खा खंड सिद्ध केला, आणि मिराशी शिकवत होते ते नागपुरातच. पण प्रभावतीगुप्तेची जयंती कुणाला ठाऊक? त्यामुळे ती पंचांगात बसत नाही.

अधिकृत इतिहास थोडक्यात. ४ ऑगस्ट १९२३ला मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी हे विद्यापीठ स्थापन झालं, सर बिपिनकृष्ण बोस पहिले कुलगुरू. १९८३ मध्ये अमरावती वेगळं झालं, २०११ मध्ये गडचिरोलीचं गोंडवाना. आता नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे उरले. शंभरीच्या वर्षात, ३ ते ७ जानेवारी २०२३, याच आवारात १०८वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरली. तिचं उद्घाटन पंतप्रधानांनी पडद्यावरून केलं. त्यापुढच्या जानेवारीत ती देशात कुठेच भरली नाही.

२००५ मध्ये विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. याची गंमत मला नेहमी वाटते. शाळेत जेमतेम तिसरीपर्यंत गेलेल्या माणसाचं नाव आज पीएच.डी.च्या पदवीवर छापलं जातं. महाराजांच्या सभेत सांस्कृतिक कार्यक्रम आणि व्याख्यान अशी दोन वेगळी पानं नव्हती. हातात खंजिरी, भजनाचं एक कडवं, मग गावच्या स्वच्छतेवर, कर्जावर, व्यसनावर बोलणं, पुन्हा कडवं. आमच्याकडे मात्र युवक महोत्सवाची समिती निराळी आणि व्याख्यानमालेची निराळी. गर्दी पहिलीकडे असते, हारतुरे दुसरीकडे.

गर्दी आणि हारतुरे यांतला हा फरक मला ज्याने दाखवून दिला तो या कार्यक्रमांचा साउंडवाला. विद्यापीठाचा नोकर नव्हे. शहरात ज्या कॉलेजात, ज्या सभागृहात, ज्या मंडपात बोलावतील तिथे टेम्पोतून दोन स्पीकर, ॲम्प्लिफायर, तीन माइक आणि वायरींची वेटोळी घेऊन जाणारा. नाव छापायचं नाही, ही त्याचीच अट. "छापसान तर उद्या सारेच रेट विचारतीन," म्हणाला.

आमची भेट झाली तेव्हा सभागृहात आम्ही दोघंच होतो. कुठलं सभागृह ते राहू द्या. त्याने माइकला हातही लावला नव्हता. हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि एकच टाळी मारली. मान तिरपी करून ऐकली. मग मागच्या भिंतीजवळ जाऊन दुसरी.

"खाली हॉल लय बोलते सर. भरला का चूप बसते."

मला वाटलं, तत्त्वज्ञान सांगतोय. तो भौतिकशास्त्र सांगत होता. कडक भिंती, फरशी आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आवाज परत फेकतात. माणसं आणि त्यांचे कपडे तो पिऊन टाकतात. हॉल रिकामा असला की वक्त्याचा एक शब्द हवेत असतानाच दुसरा येऊन त्यावर आदळतो, आणि 'संविधान' ऐकू येतं ते नुसतं 'धान, धान'. वर हाच परतलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, ॲम्प्लिफायर तो वाढवतो, स्पीकर फेकतो, माइक पुन्हा उचलतो, आणि मग ती प्रसिद्ध शिट्टी. आपण म्हणतो साउंडवाल्याचं सामान भंगार आहे. तो म्हणतो, तुमच्याकडे माणसं कमी आहेत.

कार्यक्रम सुरू झाल्यावर तो बाजूच्या दाराशी उभा असतो. दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांसाठी टाळ्या पडल्या, की पाठमोरा असूनही आकडा सांगतो. त्या दिवशी म्हणाला, "साठच्या वर नाही." मी मोजले. एकोणसाठ, आणि चहा घेऊन आलेला पोऱ्या धरला तर साठ.

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की हेच काम हार्वर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला मिळालं होतं. फॉग संग्रहालयाचं नवं कोरं व्याख्यानगृह असं बांधलं गेलं होतं की बोललेलं कुणाला कळेना. उच्चारलेला शब्द विरायला तिथे साडेपाच सेकंद लागत. सबाइन रात्री, रस्ते शांत झाल्यावर, ऑर्गनची एक नळी आणि वेळ मोजायचं घड्याळ घेऊन बसे. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणे आणि किती गाद्यांनी आवाज किती लवकर विरतो ते मोजी. माणूस किती आवाज पितो याचंही त्याने माप काढलं. सभागृहाच्या ध्वनिशास्त्राचा पाया त्या उसन्या गाद्यांवर घातला गेला.

हे मी आमच्या साउंडवाल्याला सांगितलं. तो जरा नाराजच झाला. "गाद्या? गाद्या कोन वाहीन? आपन पडदे नेतो."

खरंच, त्याच्या टेम्पोत चार जाड मखमली पडदे असतात. एका जुन्या मंडप डेकोरेशनवाल्याकडून घेतलेले, मरून रंगाचे, कडांना विरलेले. हॉल रिकामा राहणार असं वाटलं की आयोजकांना न विचारता तो मागच्या भिंतीला पडदे लावतो. आयोजकांना वाटतं सजावट केली. एक पडदा म्हणजे त्याच्या हिशेबाने दहा-बारा श्रोते.

आता पान भरायच्या अडचणीवर येतो. माझ्या वहीतल्या निम्म्या कार्यक्रमांपुढे 'प्रमुख पाहुण्यांची वेळ मिळायची आहे' असं लिहिलेलं आहे. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात, तेव्हा पाहुणे शहरातच असतात आणि तरी मिळत नाहीत. (त्या दिवसांतली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. राज्यभरातल्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विधानभवनात बसवून संसदीय कामकाजावर तिथलीच माणसं व्याख्यानं देतात.) मार्चपासून परीक्षा, एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीकडे, जून-जुलैत प्रवेश. म्हणजे व्याख्यानाला वर्षाचे सहा-सातच महिने. त्यात वेळ सकाळी अकराची, कारण दुपारनंतर भंडारा-वर्ध्याकडच्या मुलांना गाडी गाठायची असते. अकराची वेळ, पाहुणे साडेबाराला. संध्याकाळी कोर्टातले, बँकेतले, निवृत्त असे खरे श्रोते मोकळे होतात, तोवर कॅम्पस सामसूम.

मीही एकदा एका कॉलेजात बोलायला गेलो होतो. हजेरीचा कागद फिरेपर्यंत हॉल खच्चून भरलेला होता. कागद शेवटच्या रांगेला पोचला आणि पुढच्या रांगा उठल्या. माझं ते अर्धवट वाक्य मला अजून आठवतं, कारण ते मला तिथे दोनदा ऐकू आलं.

नागपूरला ऐकणारी माणसं नाहीत असं कुणी म्हणू नये. राम शेवाळकर बोलायला उभे राहिले की याच शहरात लोक भिंतीला टेकून उभे राहत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गावोगावची माणसं शिदोरी बांधून येतात, रात्री उशिरापर्यंत भाषणं ऐकतात आणि जाताना पिशवीभर पुस्तकं विकत घेतात. हजेरीचा कागद तिथे कुणी फिरवत नाही. तिथून कॅम्पस फार तर चार-पाच किलोमीटर. ही माणसं तिथवर का पोचत नाहीत, त्यांना बोलावलं कुणी होतं का, निमंत्रणपत्रिका विभागाच्या दारापलीकडे जाते का, हे मी तीन ठिकाणी विचारलं. तिन्ही ठिकाणी पत्रिकेचा नमुना दाखवला. छपाई सुंदर होती.

परवा रात्री साउंडवाल्याची, टेम्पो भरताना, पुन्हा गाठ पडली. एका कॉलेजचं गॅदरिंग संपलं होतं. मुलं अजून पायऱ्यांवर नाचत होती, आणि तो घामाघूम होऊन वायर कोपरावर गुंडाळत होता. पडदे टेम्पोत नव्हते. विचारलं तर म्हणाला, "आज काहून आनू? गॅदरिंग होतं. उभं राह्यले जागा नवती."

"आणि उद्या?"

"उद्या व्याख्यान हाय," तो म्हणाला. "घरी जाऊन चारही टाकतो गाडीत."