पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन होत नाही

हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत डेस्कटॉप सपोर्ट किंवा सिस्टीम अ‍ॅडमिनच्या जागेसाठी मुलाखतीला जाणाऱ्याने एका प्रश्नाची तयारी ठेवायलाच हवी: ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे काय?’ व्याख्या पाठ असते. खरी परीक्षा त्यापुढे सुरू होते. पासवर्ड बरोबर आहे, तरी कर्मचाऱ्याचं लॉगिन होत नाही. आधी काय तपासाल?

डिरेक्टरी म्हणजे संस्थेतली माणसं, संगणक, प्रिंटर आणि गट यांची एकत्र ठेवलेली नोंद. 1988मध्ये दूरसंचार क्षेत्राने अशा नोंदींसाठी एक्स.500 हे मानक आणलं. ते भारदस्त होतं, पण त्या काळच्या छोट्या संगणकांना पेलणारं नव्हतं. मग मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि सहकाऱ्यांनी त्याचा सुटसुटीत अवतार घडवला, तो एलडॅप. मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज 2000 बरोबर आली. तीही एलडॅपची भाषा बोलते, 389 क्रमांकाच्या पोर्टवर. नोंदी झाडासारख्या रचलेल्या असतात: वर डोमेन, त्याखाली विभाग, विभागात माणूस. इतिहास एवढा पुरे.

लॉगिनच्या क्षणी काय घडतं, हे मात्र सावकाश समजून घ्यावं. संगणक आधी नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसला विचारतो, ‘या डोमेनचा कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर, कुठे आहे?’ घरी सराव करणाऱ्यांची गाडी इथेच अडते. संगणकाला डीएनएस म्हणून गूगलचा 8.8.8.8 हा पत्ता दिलेला असतो, आणि गूगलला तुमच्या घरातल्या सर्व्हरची काहीच माहिती नसते. पासवर्ड कितीही बरोबर असो, विचारायला दारच सापडत नाही.

कंट्रोलर सापडला की कर्बेरॉसचं काम सुरू होतं. ओळख पटवण्याची ही पद्धत अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जन्मली. तिचं सौंदर्य असं, की पासवर्ड तारेवरून जातच नाही. संगणक पासवर्डपासून एक किल्ली बनवतो, तिने त्या क्षणाची वेळ कुलूपबंद करतो आणि पाठवतो. कंट्रोलरकडे तीच किल्ली असते. कुलूप उघडलं आणि आतली वेळ जुळली, की तिकीट मिळतं. ते साधारणपणे 10 तास चालतं. वेळ घालण्याचं कारण सरळ आहे: कुणी तो संदेश मधेच टिपून तासाभराने पुन्हा पाठवला, तर तो शिळा ठरावा. म्हणूनच दोन्हीकडच्या घड्याळांत 5 मिनिटांहून जास्त फरक पडला, तर तिकीट नाकारलं जाऊ शकतं.

उत्तर देताना याच क्रमाने जावं: नेटवर्क, डीएनएस, घड्याळ, मग खातं. खातं लॉक झालं असेल, तर कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमधल्या 4740 क्रमांकाच्या नोंदीत चुकीचे पासवर्ड कुठल्या यंत्रावरून आले ते दिसतं. पुष्कळदा दोष खिशातल्या मोबाइलचा असतो. कर्मचाऱ्याने पासवर्ड बदललेला असतो आणि फोनमधलं मेल अ‍ॅप जुनाच पासवर्ड पाठवत राहतं.

हे शिकायला महागडा क्लास लागतो असं मला वाटत नाही. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती 180 दिवस मोफत वापरता येते, व्हर्च्युअलबॉक्सही फुकट आहे आणि 16 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर दोन-तीन आभासी यंत्रं आरामात चालतात. डोमेन उभं करा आणि मुद्दाम बिघडवा. डीएनएस चुकवा, घड्याळ मागे न्या, कोणता संदेश येतो ते लिहून ठेवा.

एक प्रयोग तर आवर्जून करावा. एका वापरकर्त्याला फोल्डरची परवानगी द्या, त्याचं खातं पुसा आणि त्याच नावाने नवं उघडा. नाव तेच, पासवर्ड तोच, तरी फोल्डर उघडणार नाही. परवानगी नावाला नव्हे, खात्याच्या एसआयडी या क्रमांकाला दिलेली असते, आणि नव्या खात्याचा क्रमांक नवा असतो. म्हणून जाणत्या अ‍ॅडमिनकडे कुणी नोकरी सोडली की त्याचं खातं आधी फक्त बंद केलं जातं. पुसणं पुढे कधीतरी.