विश्लेषण : परदेशी निघताना दुसऱ्याचे पार्सल का घेऊ नये? गांजाबाबतचे कायदे काय सांगतात?

मुरुमहून परदेशी निघालेला माणूस उमरग्याला येऊन हैदराबादचा रस्ता धरतो, नाहीतर सोलापूरमार्गे पुणे-मुंबई गाठतो. आखातातली नोकरी असो की बँकॉकची सहल, आदल्या दिवशी ‘एवढी पिशवी आमच्या पोराला द्या’ म्हणत कुणीतरी येतेच. नाही म्हणणे जड जाते. पण विमानतळावर ही पिशवी ज्याच्या बॅगेत सापडते, त्याचीच मानली जाते.

दोहा प्रकरण काय होते?

मुंबईतील एका जोडप्याला नात्यातील एका महिलेने मधुचंद्राची भेट म्हणून कतारची सहल दिली आणि तिकडे पोहोचवायला एक पाकीट सोपवले. जुलै २०१९ मध्ये दोहा विमानतळावर त्यात चार किलोहून अधिक चरस सापडले. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गर्भवती होती. मुलीचा जन्म तुरुंगातच झाला. इकडे कुटुंबीयांनी अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे (एनसीबी) तक्रार केली आणि तपासात दोघांची फसवणूक झाल्याचे पुढे आले. फेरसुनावणीनंतर मार्च २०२१ मध्ये ते निर्दोष सुटले. तोवर जवळपास पावणेदोन वर्षे गेली होती.

‘मला माहीत नव्हते’ हे चालते का?

आपल्याकडेही सहजासहजी नाही. एनडीपीएस कायदा, १९८५ च्या कलम ३५ नुसार आरोपीला कल्पना होती असे न्यायालय गृहीत धरते. नव्हती हे त्यानेच सिद्ध करायचे. गांजा २० किलो किंवा चरस एक किलोपेक्षा जास्त असेल तर किमान शिक्षा दहा वर्षे. सिंगापूरमध्ये ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांजाच्या तस्करीला फाशी आहे. नुसते विमान बदलायला उतरलात तरी कायदा तिथलाच.

थायलंडमध्ये तर मोकळीक आहे ना?

सर्वाधिक गैरसमज इथेच. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण जून २०२५ पासून विक्रीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. शिवाय तिथे दुकानात मिळाला, म्हणून तो भारतात आणता येत नाही. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून मुंबई विमानतळावर हायड्रोपोनिक, म्हणजे मातीविना वाढवलेला गांजा सीमाशुल्क अधिकारी वारंवार पकडतात. फुकट तिकीट आणि वर थोडे पैसे, असे आमिष कुणी दाखवले तर तो सहल देत नसून हमाल शोधत असतो.

जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढांना २५ ग्रॅमपर्यंत गांजा बाळगता येतो, कॅनडात २०१८ पासून तो कायदेशीर आहे. मात्र कॅनडाच्या हद्दीबाहेर नेणे गुन्हाच. अमेरिकेत शिकणाऱ्यांनी विशेष जपावे. राज्याने परवानगी दिली असली तरी केंद्रीय कायद्याने गांजा बेकायदाच आहे आणि परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा त्यापायी जाऊ शकतो.

घरच्या डब्याचे काय?

आपल्या कायद्यात गांजाच्या व्याख्येत शेंडे-फुले येतात, नुसती पाने नाहीत. म्हणून काही राज्यांत भांग परवान्याने विकली जाते. परदेशात हा फरक सांगून उपयोग नाही. भांग असलेल्या चूर्ण-गोळ्या घरीच ठेवाव्यात. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवरही बंदी आहे, त्यामुळे दिवाळीचे अनारसे पाठवणाऱ्या आईलाही हे सांगावे लागेल. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके नेण्यापूर्वी तिथल्या आरोग्य खात्याची मंजुरी घ्यावी आणि चिठ्ठी जवळ बाळगावी.

अडकल्यास काय करावे?

१९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार, अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते. न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये, दुभाषा मागावा. दूतावास सुटका करून देऊ शकत नाही, पण तुरुंगात भेट घेतो, वकिलांची माहिती देतो. घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पार्सल कुणी दिले, कुणाच्या फोनवरून बोलणे झाले, तिकिटाचे पैसे कुणी भरले, हे मेसेज आणि पावत्या पुसू नयेत. इथल्या पोलिसांत तक्रार देताना तेच लागतात.